पत्रा कुणाच्या डोक्यावर?

‘‘वहिनी, तुम्ही कशाला उन्हात उभ्या राहता? साहेबांशी बोलणं झालंय आमचं.’’

दारात पत्र्याचा टेम्पो उभा होता आणि माझ्या हातात भंगारवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणलेला हुकाचा काटा होता. फॅब्रिकेटर हसला, टेम्पोवाला हसला, आमच्या ‘ह्यां’नी मात्र मान दुसरीकडे वळवली. मी म्हटलं, ‘‘एक पत्रा उतरवा आणि ह्या हुकाला टांगा. मग जाते मी सावलीत.’’

त्या काट्याची गोष्ट पुढे सांगते. आधी मी एवढी संशयी का झाले, ते सांगायला हवं.

आमचं घर दापोली तालुक्यातलं. आजेसासऱ्यांनी बांधलेलं, चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, चारी बाजूंनी उतरती पाखी. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ आलं, तेव्हा आम्ही सगळे माजघरात देवघराच्या भिंतीला टेकून बसलो होतो. कौलं एकेक करून नाही, रांगेनं निघत होती. पडवीचं छप्पर आधी उचललं गेलं आणि जाताना मुख्य घराचे वासेही ओढून घेऊन गेलं. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर डब्यांवर पाणी, चुलीत पाणी आणि वर नुसतं आभाळ!

लॉकडाऊनचे दिवस, वीज गेलेली, पाऊस तोंडावर. ताडपत्री बांधून आठवडा काढला. मग हे, धाकटे दीर आणि चुलत सासरे ओटीवर बसले आणि पत्रा टाकायचं ठरलं. कौलं मिळत नव्हती, शाकारणीला माणसं मिळत नव्हती, त्यामुळे निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. त्या बैठकीत मी चार वेळा चहा दिला. मला कुणी काही विचारलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. छप्पर म्हणजे पुरुषांचं काम. बाजारात जो पत्रा मिळाला तो आला, तीन दिवसांत ठोकून झाला.

पुढची चार वर्षं त्या पत्र्याखाली सगळ्यात जास्त वेळ कोण होतं? मी आणि सासूबाई.

आमचं स्वयंपाकघर पश्चिमेला. एप्रिल-मे महिन्यात दुपारी दोननंतर तिथे उभं राहवत नसे. ऊन नसलं तरी पत्रा तापून खाली आग ओकत राहतो, हे ज्यानं तिथे भाकऱ्या थापल्या त्यालाच कळतं. पावसाळ्यात आवाज इतका, की कुकरच्या शिट्या मोजता येत नसत. डाळ तरी कच्ची राहायची नाही तर भाताचा गोळा व्हायचा. थंडीत पहाटे गॅस पेटवला की वाफ वर जायची, गार पत्र्याला घाम फुटायचा आणि थेंब बरोब्बर परातीतल्या पिठात. चौथ्या पावसाळ्यात तर स्क्रूभोवती तांबूस गोल उमटले आणि तिथून धार लागली. घरातल्या पुरुषांना यातलं काहीच दिसत नव्हतं असं नाही. पण ते दुपारी कामावर, संध्याकाळी ओटीवर. ओटीवरचा वारा छान असतो हो!

माझं म्हणणं एवढंच आहे. जी बाई दिवसातले आठ-दहा तास ज्या छपराखाली काढते, ते छप्पर ठरवताना तिचं मत शेवटचं असायला हवं. विचारायचं म्हणून विचारणं वेगळं आणि शेवटचं मत वेगळं. प्रधानमंत्री आवास योजनेत, म्हणजे २०१६ पासूनच्या ग्रामीण घरकुलात, घर बाईच्या किंवा नवराबायको दोघांच्या नावावर देण्याचा नियम आहे. कागदावर आपलं नाव आलं, चांगलं झालं. पण त्याच घरकुलावर पत्रा कुठला टाकायचा हे ठरतं गावच्या नाक्यावरच्या दुकानात, जिथे तिनं पाऊल ठेवलेलं नसतं.

आणि आपणही काही कमी नाही. आपल्याला पत्र्याबद्दल बोलायचंच नसतं, कारण आपल्याला हवा असतो स्लॅब! ‘‘त्यांचं पत्र्याचं घर आहे,’’ हे वाक्य आपण कशा आवाजात म्हणतो ते आठवून बघा. सोयरीक जमवताना मुलाकडे स्लॅब आहे का, हे आधी बघतो. मग कर्ज काढून स्लॅब पडतो, पैसे संपतात, गिलावा राहतो, संडासाला दार बसत नाही. आणि गंमत बघा, तोच स्लॅब पाच-सात वर्षांनी गळायला लागला की त्याच्यावर काय चढतं? पत्र्याची शेड! कुठल्याही तालुक्याच्या गावात एसटीतून उतरा आणि वर बघा. निम्म्या गच्च्यांवर पत्रा असतो. स्लॅब गरिबाला परवडत नाही, असं मी म्हणत नाही. पण चांगला, नीट बसवलेला पत्रा हा वाईट स्लॅबपेक्षा केव्हाही बरा. मात्र तो चांगला आणि नीट बसवलेला हवा, आणि इथेच आपलं अज्ञान आपल्याला भोवतं.

२०२४ मध्ये आम्ही पत्रा बदलायचं ठरवलं. या वेळी मी चहा न करता ओटीवर जाऊन बसले. त्याआधी महिनाभर जिथे जिथे पत्र्याचं काम दिसलं तिथे थांबून विचारलं होतं. दुकानदार आधी मला ‘‘साहेबांना पाठवा’’ म्हणायचे. दोन-तीन प्रश्न नीट विचारले की मात्र खुर्ची पुढे करायचे. ते प्रश्न तुम्हालाही सांगते.

पहिला प्रश्न जाडीचा. पूर्वी पत्रा गेजवर मिळायचा आणि त्यात गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे उलटं गणित कित्येकींना फसवून गेलं असेल. आता मिलिमीटरमध्ये सांगतात. पण तिथेही एक मेख आहे. दुकानदार सांगतो ती जाडी बहुतेक वेळा रंग आणि वरच्या मुलाम्यासकट असते. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा म्हटला तरी आतलं पोलाद कमी भरतं. म्हणून विचारायचं, ‘‘ही जाडी रंगासकट की नुसत्या पोलादाची?’’ हा प्रश्न ऐकल्यावर माझ्यासमोरच्या एका दुकानदारानं हातातला कॅल्क्युलेटर खाली ठेवला होता.

दुसरा, मुलाम्याचा. साध्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो. दुसऱ्या प्रकारात, ज्याला गॅल्व्हल्यूम म्हणतात, ॲल्युमिनियम ५५ टक्के, जस्त साधारण ४३ टक्के आणि थोडं सिलिकॉन असतं. तो साधारणपणे जास्त टिकतो. थर किती ते दर चौरस मीटरला किती ग्रॅम, अशा हिशेबात सांगतात. दीडशे ग्रॅम म्हटलं तर दोन्ही बाजूंचा मिळून दीडशे. आमच्यासारख्या खाऱ्या वाऱ्यातल्या गावात इथे पैसे वाचवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पण हाच पत्रा गोठ्यावर घालू नका. शेणमुताच्या वाफेतला अमोनिया त्याला खातो. तिथे जाड थराचा जस्ताचा पत्राच बरा. आणि ओलं सिमेंटही त्याला सोसत नाही. भिंत आणि पत्र्याच्या सांध्यावर गवंडी सवयीनं सिमेंट थापायला जातो. त्याचा हात धरायचा आणि तिथे पत्र्याचीच वाकवलेली पट्टी लावून घ्यायची.

आता काट्याची गोष्ट. पोलादाचं वजन ठरलेलं असतं. अर्धा मिलिमीटर जाडीच्या एका चौरस मीटरला साधारण चार किलो. नागमोडी होण्याआधी पत्र्याची पट्टी चार फूट रुंद असते, घड्या पडल्यावर ती साडेतीन फुटांवर येते. म्हणून हिशेब चार फुटांचा धरायचा. बारा फुटी पत्रा घेतला, रंगाचा भाग वजा धरला, तर तो सोळा-सतरा किलो भरायला हवा. आमच्या टेम्पोतला पत्रा हुकाला टांगला. भरला साडेअकरा!

‘‘वजनावर कोण पत्रा घेतं वहिनी? फुटावर असतो तो,’’ फॅब्रिकेटर म्हणाला. मी दुकानाचं बिल मागितलं. तो ह्यांच्याकडे बघायला लागला. मग म्हणाला, ‘‘साहेबांनी जेवढ्यात बसवायला सांगितलं, तेवढ्यात आणलाय.’’

तर फसवणूक फॅब्रिकेटरची नव्हती. ओटीवर माझ्यासमोर ठरलं होतं एक आणि नंतर फोनवर ठरलं दुसरं. मधले वाचलेले पैसे कुठे जाणार होते? पुढच्या गेटला. नक्षीचं, वर दोन भाले असलेलं गेट ह्यांनी कुठेतरी पाहून ठेवलं होतं. त्यांचंही अगदी चूक म्हणवत नाही. वादळानंतर गडगा पडलेला, येणाऱ्याजाणाऱ्याला आधी दिसतं ते गेट. पत्रा काय, वर असतो, कोण बघायला जातो! मी एवढंच म्हटलं, ‘‘अहो, गेटाखाली मला भाकऱ्या करायच्या नाहीत.’’ सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या आजवर कधी मुलाच्या विरोधात बोललेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘‘टेम्पो परत पाठव रे.’’ टेम्पो परत गेला. गेट आजही साधंच आहे, बांबूचं.

बसवण्याचं काम निवडण्याइतकंच महत्त्वाचं, किंबहुना थोडं जास्तच. वारा छपराला वरून दाबत नाही, तो वर उचलतो, हे मला ‘निसर्ग’नं शिकवलं. कडा, कोपरे आणि आढ्याची ओळ इथे ओढ सगळ्यात जास्त. म्हणून तिथे स्क्रू जवळजवळ हवेत. सगळीकडे सारख्या अंतरानं मारून मोकळं व्हायचं नाही. नुसता पत्रा पाइपाला धरून उपयोग नाही, पाइप कैचीला आणि कैची भिंतीला बांधलेली हवी. नाहीतर वादळात पत्रा सांगाड्यासकट उडतो. आमच्याकडे शेजारच्या आळीत असा अख्खा सांगाडा माडावर अडकलेला मी पाहिलाय. पडवीचं छप्पर आम्ही या वेळी मुद्दाम वेगळं ठेवलं, मुख्य घराला न जोडता. उघड्या पडवीत वारा खालून शिरतो, ती आधी जाते. गेली तर एकटी जावी, घराला घेऊन जाऊ नये.

चौपाखी की दुपाखी, यावरही वाद झाला. चौपाखीला पत्रा तिरका कापावा लागतो, फुकट जातो, मजुरी वाढते. फॅब्रिकेटर तयार होईना. पण वाऱ्याला चारी बाजूंनी उतार असलेलं छप्परच जास्त तग धरतं. आजेसासऱ्यांना हे कुठल्याही कॉलेजात न जाता माहीत होतं. आम्ही चौपाखीच केलं आणि तुकडे वापरून न्हाणीघर झाकलं.

पत्रा कुठल्या टोकाकडून लावायला सुरुवात करायची, हेही महत्त्वाचं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. आपल्याकडे पावसाचा वारा नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. म्हणून सुरुवात पूर्वेच्या टोकाकडून आणि मग एकावर एक चढवत पश्चिमेकडे. म्हणजे सांध्याचं तोंड वाऱ्याकडे उघडं राहत नाही. खालच्या-वरच्या पत्र्याचा सांधा किमान वीतभर तरी एकमेकांवर यायला हवा. स्क्रू आमच्या पावसात उंचवट्यावर मारावा, खोलगट भागातून पाणी वाहतं. स्क्रूखालचं रबर नुसतं दबलं पाहिजे. फार आवळलं तर ते चिरतं, सैल राहिलं तर पाणी शिरतं. कामगार घाईत असतो, त्याला मजुरी फुटावर मिळते, दिवसावर नाही. तेव्हा खाली उभं राहून बघावंच लागतं.

आणि झाडू! पत्र्याला भोक पाडताना, कापताना लोखंडाचा जो कीस पडतो तो तिथेच राहिला तर एका रात्रीच्या दवात गंजतो आणि पत्र्यालाही गंज लावतो. आमच्या पहिल्या पत्र्यावरचे तांबूस ठिपके अर्धे त्या किसाचे होते. या वेळी रोज संध्याकाळी काम संपल्यावर मी पोरांना मऊ केरसुणी देऊन पत्रा झाडायला लावलं. चढताना कंबरेला दोर बांधायचा, हा माझा हट्ट. ‘‘वहिनी, पंधरा वर्षं चढतोय,’’ असं म्हणत होते. दोर बांधल्याशिवाय जेवण मिळणार नाही म्हटल्यावर बांधला.

एका गोष्टीवर मात्र मला रागच येतो, ती म्हणजे पत्र्याला बांधलेली कपड्यांची तार. दरवर्षी पावसाळ्यात आपण बातमी वाचतो, कपडे वाळत घालताना विजेचा धक्का बसून बाई गेली, तिला सोडवायला गेलेला नवरा किंवा मुलगाही गेला. होतं असं की विजेची जुनी वायर पत्र्याच्या धारेवर घासून सोलली जाते, पत्र्यात करंट उतरतो, पत्र्यातून तारेत, तारेतून ओल्या कपड्यात आणि तिथून तिच्या हातात. ‘दुर्दैवी मृत्यू’ असं छापून येतं. दुर्दैव कसलं? मीटरपासून येणारी वायर पाइपातून घालायची, पत्र्याला कुठे टेकू द्यायची नाही, अर्थिंग नीट करायचं आणि गळतीचा करंट आला की वीज आपोआप तोडणारं आरसीसीबी नावाचं उपकरण बोर्डात बसवायचं. सबंध छपराच्या खर्चात हे काहीच नाही. आणि कपड्यांना तार नको, नायलॉनची दोरी बांधा, तीही झाडाला किंवा लाकडी खांबाला. आजच बांधा.

सिमेंटचे पत्रे कमी तापतात म्हणून अजून बऱ्याच जणी तेच मागतात. आपल्याकडे जे बहुतेक मिळतात त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कॅन्सर होऊ शकतो, हे आता जगभर मान्य झालंय. ते पत्रे कापताना, फुटल्यावर धूळ उडते. ती झाडतं कोण? आपणच. जुने असतील तर त्यांना भोकं पाडू नका, कोरडे झाडू नका.

मग तापण्याचं काय? सगळं निवडून झाल्यावर खरा झगडा तोच. ह्यांना कौलासारखा लाल रंग हवा होता, मी पांढरट घेतला. फिका रंग ऊन परतवतो. अहमदाबादेतल्या महिला हाउसिंग ट्रस्टनं वस्त्यांमधल्या पत्र्यांवर पांढरा रंग लावून घरं थंड ठेवण्याचं काम केलंय आणि ते करणाऱ्याही बायाच. आमच्या पावसात पांढरा पत्रा वर्षभरात शेवाळून काळपट होतो, हे कबूल. मे महिन्याच्या सुरुवातीला तो धुवावा लागतो. स्वयंपाकघरावर आम्ही आतून बांबूच्या चटईचं छत केलं, चुलीपासून आणि गॅसपासून लांब, आणि छत व पत्रा यांच्यात हातभर पोकळी ठेवली. त्या पोकळीतली तापलेली हवा बाहेर जायला दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या. थर्माकोल स्वस्त मिळत होतं, पण ते भडकन पेट घेतं, म्हणून स्वयंपाकघराजवळ नको म्हटलं.

पाण्याचं थोडक्यात सांगते. पाचशे चौरस फुटांच्या छपरावर आमच्या तीन हजार मिलिमीटर पावसात लाखभर लिटरच्या वर पाणी पडतं. पन्हळ लावून पाच हजाराची टाकी भरून ठेवलीय. मेपर्यंत ती पुरत नाही, पण दिवाळीपर्यंत धुणं-भांडी निघतात.

गेल्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस आला तेव्हा मी कुकर लावला होता. आवाज येतो, नाही येत असं नाही. पण सासूबाई बाहेरून म्हणाल्या, ‘‘अगं, तीन झाल्या, बंद कर.’’

त्यानंतर आळीतल्या दोघी जणी तो काटा मागायला आल्या. भंगारवाला आता शहाणा झालाय. तासाला वीस रुपये घेतो.